प्लगाच्या जागची लादी

आमच्या सासूबाईंचं विजेबद्दल एक ठाम मत होतं. वीज तारेतून येते, तार म्हणजे एकच लांबलचक धागा, आणि धाग्याच्या एका टोकाला विटाळ झाला की तो दुसऱ्या टोकालाही पोचतो. पॉवरहौसपासून सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरापर्यंत येईतो ती तार कुणाकुणाच्या भिंतींना शिवून आली असेल, या विचाराने त्यांनी पहिली दोन वर्षं देवघरात विजेचा दिवा घेऊ दिला नव्हता. मग मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुठल्याशा शास्त्र्याकडून 'प्रकाशाला विटाळ नाही' असा निर्वाळा आणला. मामंजी वकील होते, निर्वाळे आणणं हा त्यांचा धंदाच. देवघरात दिवा आला. पण माझे ते चार दिवस असले की मी एकाही बटणाला बोट लावायचं नाही, हे कलम कायम राहिलं.

आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं, कारण हसायला लागणारा श्वासच माझ्यापाशी नव्हता. मला दमा जडला होता. उमा म्हणून या घरात आले तेव्हा मी कृष्णेच्या घाटाच्या सगळ्या पायऱ्या घागर घेऊन एका दमात चढत होते. तीन वर्षं चुलीपुढे काढली आणि माजघरातून परसात जाताना मध्ये भिंतीला टेकायची वेळ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, माझ्या यजमानांकडे बघितलं आणि म्हणाले, "औषध देतो, पण औषधाचा उपयोग नाही. हिला धुरातून बाहेर काढा. नाहीतर पुढच्या थंडीत माझ्याकडे आणू नका, माझ्या हातात काही राहणार नाही."

माझे यजमान शरच्चंद्र. मी त्यांना 'हे' म्हणते, पुढेही तसंच म्हणेन. ह्यांनी पुण्याहून विजेची शेगडी आणली. लढाई संपून वर्ष झालं होतं तरी अशा वस्तू मिळत नव्हत्या, कुणा साहेबाच्या मडमेनं विलायतेला परत जाताना विकलेली ती शेगडी. पेंढ्यात गुंडाळून खोक्यातून आली. मी खोकं उघडलं आणि तिच्या तारांच्या वेटोळ्यावर हात फिरवला. देवाच्या टाकावर फिरवावा तसा फिरवला, खोटं कशाला बोलू.

सासूबाई नाही म्हणाल्या. हे गप्प बसले. गप्प बसणं ह्यांना फार सुरेख जमतं. पण डॉक्टरांचे शब्द सासूबाईंनीही ऐकले होते, आणि त्या काही दगडाच्या नव्हत्या. चार दिवस त्या विचार करत राहिल्या आणि पाचव्या दिवशी तांदूळ निवडताना एकदम बोलल्या, "स्वैपाकघराच्या त्या भिंतीला पांढऱ्या चिनी लाद्या बसवा. प्लग की काय तो लाद्यांमध्ये बसू दे. म्हणजे रोज सकाळी भिंतीवर पाणी मारून ती शुद्ध करता येईल. मग आणा तुमची शेगडी."

"आई, प्लगावर पाणी मारायचं नसतं," मी म्हणाले.

"पाण्यानं कुणी मेलेलं मी ऐकलं नाही. कृष्णामाईला पूर येतो तेव्हाची गोष्ट वेगळी."

तेवढ्यावर सौदा तुटायला नको म्हणून मी पुढे बोलले नाही. प्लगाला झाकण करून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

सासूबाईंचं सोवळं इतकं कडक का, हे मला माहीत होतं. त्यांनीच एकदा, पाय चेपून घेताना, सांगितलं होतं. त्या अठरा वर्षांच्या असताना घरात मोठं जेवण होतं, करायला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनी कावळा शिवल्याचं कुणाला न सांगता सगळा स्वैपाक केला. पुढच्याच आठवड्यात त्यांचा पहिला मुलगा तापानं गेला. ते मूल तापानं गेलं, एवढं मला कळत होतं. पण ते त्यांना सांगण्याची छाती कुणाची? त्यांच्या दृष्टीनं ते त्यांनीच मारलं होतं, आणि तेव्हापासून त्या उरलेल्यांवर पहारा करत होत्या. त्यांचा राग यायचा मला, भयंकर यायचा. पण नुसता राग कधी करता आला नाही.

मिरजेच्या एका दवाखान्याच्या बांधकामातून उरलेल्या लाद्या मिळाल्या. सिमेंट परवान्यावर मिळालं. सिद्धू वायरमन आला, त्यानं माजघरातल्या मेनपासून तार ओढली, ओट्याच्या वर हातभर उंचीवर भिंतीत कोनाडा खणला, त्यातून तारांची दोन टोकं बाहेर काढून ठेवली आणि "लाद्या झाल्या की प्लग बसवतो" असं म्हणून बहिणीच्या लग्नाला जतकडे निघून गेला.

गवंडी होता जोतिबा. कवठ्याचा, साठीला आलेला, एक पोरगा पलटणीत. सासूबाईंनी कामासाठी नेमके माझे बाजूला बसायचे दिवस निवडले. नाहीतरी एक बाई स्वैपाकघरात नसणार, तर चूल मागच्या पडवीत नेऊ, गवंडी परसदारानं येईल आणि जाईल, माजघरात त्याचं पाऊल नको, शेवटच्या दिवशी सगळी खोली धुऊन घेऊ. स्वैपाकघर आणि माजघर यांच्यामधलं दार त्यांनी माजघराच्या बाजूनं कडी घालून बंद केलं.

त्या माजघराच्या कोपऱ्यात, घोंगडीवर, मी. माझ्यासमोर भिंतीवर मेन: लोखंडी पेटी आणि तिच्या कुशीला दांडी. दांडी वर असली की घरात वीज चालू, खाली असली की बंद. हे कामावर जाताना दांडी खाली पाडून गेले होते आणि सासूबाईंना सांगून गेले होते की गवंडी जाईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही.

दाराच्या फळ्यांना फट होती. जोतिबानं पलीकडून हाक मारली, "वैनी, दांडी खाली हाय न्हवं?"

"खाली आहे."

"मग तकडंच बसा अन् नजर ठेवा तिच्यावर. माझं हात सदा वलं. लाद्या पाण्यातनं काढून लावायच्या असत्यात." तो लादीच्या मागच्या अंगानं छिन्नीनं टोकरत होता, टक् टक् टक्. "ह्या मधल्या लादीला भोक पाडायचं म्हंजी लय ताप हाय बगा. पुढनं ठोका दिला की लादीवरची काच तडाकली. मागनं उंदरावानी कुरतडायची. ठोका ऐकू येतोय तवर मी लादीच टोकरतोय असं समजा. ठोका थांबला की तारा धरून भोकातनं वडतोय."

"बरं," मी म्हणाले. मला काम मिळालं होतं. कशालाच शिवायचं नाही अशा दिवसात कुणी नुसती नजर ठेवायला सांगितली तरी माणसाला बरं वाटतं.

भर वैशाखातली दुपार. मागच्या पडवीत सासूबाईंचा स्वैपाक चालला होता. टक् टक् चालू होतं. आणि पुढचं दार वाजलं. मामंजी. ते कधी दिवेलागणीच्या आधी घरी येत नसत, पण कुठला तरी खटला पुढं गेला होता. ते सकाळी लवकर बाहेर पडलेले, दांडीची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. कोट काढला, पगडी खुंटीला लावली, आपल्या खोलीत गेले. पंख्याच्या बटणाचा आवाज आला. पुन्हा आला. मग ते तडातडा माजघरात आले, मेनकडे गेले, "ही कुणी पाडली?" असं पेटीलाच विचारलं आणि दांडी वर केली.

देवघरातला दिवा लागला. त्यांच्या खोलीत पंखा घरघरायला लागला.

मी मामंजींशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. घरची रीतच तशी होती. त्यातून मी बाजूला बसलेली, तेव्हा ते माझ्या कोपऱ्याकडे बघतही नसत. तरी मी म्हणाले, "मामंजी..."

ते थबकले. भिंतीकडे तोंड करून त्यांनी मागच्या पडवीकडे आवाज दिला, "अहो, सुनेला पाणीबिणी हवंय वाटतं," आणि खोलीत गेले.

मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं, "जोतिबा!" म्हणायला छाती भरली आणि तिथंच खोकला आला. एकदा आला की तो मला सोडत नसे. मी दोन्ही हातांनी छाती दाबून आवाजाला वाट करून द्यायला बघत होते आणि घशातून नुसती शिट्टी निघत होती. पलीकडे टक् टक् टक्.

मग ठोका थांबला.

उठून दांडी ओढावी तर तिथवर माझा हात पोचत नव्हता. बाजूला सोवळ्याची काठी टेकवलेली होती, धुतलेलं सोवळं कुणी शिवू नये म्हणून ते उंच वलणीवर टाकायला असते ती. तिला तर मी एरवीही पारोशी हात लावला नसता. मी ती उचलली आणि सगळ्या अंगाच्या जोरानं दांडीवर हाणली. दांडी खाली आली. दिवा गेला, पंखा थांबला. मी तिथंच खाली बसले.

पलीकडून जोतिबाचा आवाज आला, आपल्याशीच बोलल्यासारखा. "आली बया एकदाची भोकातनं."

मामंजी बाहेर आले. मागच्या पडवीतून सासूबाई आल्या. त्यांनी बघितलं ते एवढंच: सून माजघराच्या मध्यावर, हातात सोवळ्याची काठी, आणि देवाचा दिवा गेलेला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रागानं नव्हे. त्या घाबरल्या होत्या, आणि ते बघून मी जास्त घाबरले.

खोकला थांबल्यावर मी सांगितलं. तुकड्यातुकड्यानं सांगितलं, पण सगळं सांगितलं. मामंजींनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहराही जरा उतरला होता. पण ते वकील. ते परसदाराशी गेले आणि जोतिबाला उभा केला.

"तुला आत्ता धक्का बसला?"

"कसला धक्का?"

"विजेचा. हो की नाही, तेवढं सांग."

"न्हाई बा. बसला असता तर हितं असतो व्हय?"

"तारेत काही जाणवलं? मुंग्याबिंग्या?"

"न्हाई. आवं, पर झालं काय?"

"काही नाही. काम कर."

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. जोतिबा धडधाकट उभा होता, हाच माझ्याविरुद्धचा पुरावा. तो मेला असता तर मी खरी ठरले असते. मामंजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "घाबरली असेल पोर. जाऊ दे." आपण दांडी वर केली होती, हे ते नाकारत नव्हते. त्याचा काही संबंध आहे, हे त्यांनी धरलंच नाही.

"मी काठीनं पाडली हो, आई," मी म्हणाले. "हात लावला नाही."

"काठीला धरलंस ना? काठी विजेला अडवते म्हणे. विटाळाला नाही अडवत." त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "देवापर्यंत गेलं गं ते. थेट देवापर्यंत गेलं."

त्यांनी देव पाण्यात ठेवले. काठी परसात नेऊन जाळली. उपास मला नाही सांगितला, स्वतः धरला. संध्याकाळी हे आले तेव्हा त्या पाटावर बसलेल्या होत्या आणि एकच वाक्य म्हणत होत्या: "ते भोक बुजवा. त्या भोकातून हे सगळं घरात आलं. भिंत राहू दे, भोक बुजवा."

हे माझ्या कोपऱ्यापासून चार हात अंतरावर येऊन उभे राहिले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "थोडे दिवस जाऊ देत, उमा. मी आईशी बोलतो."

"थंडीच्या आधी?"

"थोडे दिवस जाऊ देत."

शेगडी पेंढ्यात गुंडाळून माळ्यावर गेली. खोकं वर चढवताना त्यातली पेंढ्याची एक काडी खाली पडली, ती माझ्या घोंगडीपाशी आली. मी तिला हात लावला नाही. आता सवयच झाली होती.

दुसऱ्या दिवशी जोतिबा उरलेलं काम करायला आला. सासूबाईंनी त्याला परसातूनच सांगितलं: मधली भोकाची लादी काढ, तिथं अखंड लादी लाव. तारांचं काय, असं त्यानं विचारलं. सिद्धू जतहून कधी येईल, नेम नव्हता, आणि भिंतीचं तोंड एक दिवसही उघडं ठेवायची सासूबाईंची तयारी नव्हती. "आत सारून टाक," त्या म्हणाल्या. "झाकलं की झालं." सकाळी हे पुन्हा दांडी पाडून गेले होते. पण संध्याकाळी ती वर जाणार होती, रोजच वर जाणार होती, दिवे तर लागायलाच हवेत. म्हणजे भिंतीच्या पोटात ती दोन टोकं जिवंतच राहणार होती.

जोतिबानं भोकाची लादी काढली. इतक्या निगुतीनं कुरतडलेली, एकही तडा न गेलेली. मग फटीशी त्याचं कुजबुजणं आलं.

"वैनी. पडवीतल्या बोलण्यातनं समजलं मला. काल मी तारा धरल्या तवाच तुमी दांडी पाडली. व्हय न्हवं?"

"हो."

"मी आपला न्हाई न्हाई म्हनत बसलो सायबाम्होरं. मला काय ठावं! आता सांगू का जाऊन? बोलू का काय?"

काय बोलणार होता तो? त्याला काही झालं नाही, हेच पुन्हा सांगावं लागलं असतं. "नको," मी म्हणाले. "त्यांना नाही पटायचं."

"मग असं करतो. ही लादी सिमटात न्हाई बसवत. कच्ची बसवतो, नुसत्या चुन्यात. वरनं वळखू याची न्हाई. सुरीचं टोक घातलं की निघंल. आज न्हाई तर सालाभरानं, म्हातारीचं मन वळलं की प्लगाची जागा हाय तिथंच हाय. सिद्धूला मी सांगून ठिवतो."

मला पुढचं दिसायला लागलं. लादीमागे तारा वाट बघताहेत, थंडीपूर्वी कधीतरी हे आईशी बोलतील, सासूबाईंचं मन पालटेल, आणि भिंत फोडायची गरज पडणार नाही, नुसतं सुरीचं टोक. मी 'हो' म्हणणारच होते. ओठांवर आलेलं होतं.

मागच्या परसात रहाटाचा आवाज येत होता. सासूबाई विहिरीचं पाणी ओढून हंडे भरत होत्या. गवंडी गेला की खोली शुद्ध करायला. आणि मग रोज सकाळी, सोवळ्यात, ओल्या अंगानं, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभं राहून, त्या भिंतीवर तांब्यातांब्यानं पाणी मारणार, आणि हातानं लाद्या चोळणार. चुन्याच्या कडेतून पाणी झिरपायला किती दिवस लागतात? तारा आत जिवंत. हात लादीवर. आणि त्यांना सांगून उपयोग नव्हता. माझं म्हणणं खरं ठरवायला पुन्हा कुणीतरी मरावंच लागलं असतं.

रहाट करकरत होता. कालपासून उपाशी बाई, ओंजळभर जीव, आणि पाणी ओढत होती. माझ्याचसाठी, तिच्या मते.

"वैनी? बसवू न्हवं कच्ची?"

"नाही," मी म्हणाले. "पक्की बसवा."

"आवं, पण..."

"त्या रोज भिंतीवर पाणी मारणार आहेत, जोतिबा. हातानं चोळणार आहेत."

फटीपलीकडून तो "व्हय," एवढंच म्हणाला. तारांना काळी पट्टी गुंडाळल्याचा चरचर आवाज आला, सिमेंट कालवल्याचा आला. त्यानं कोनाडा गच्च भरला असावा, कारण वेळ लागला. मग थापीच्या दांड्यानं लादी ठोकून बसवल्याचा आवाज, मऊ आणि बद्द. पुन्हा पुन्हा ठोकत होता तो. कुठं पोकळ वाजू नये म्हणून गवंडी ठोकतात तसा. मी घोंगडीवर बसून प्रत्येक ठोका ऐकला आणि रडले. आवाज न करता रडता येतं, ते दम्यानंच शिकवलं होतं.

पाचव्या दिवशी न्हाऊन मी स्वैपाकघरात गेले. भिंत दवाखान्यासारखी पांढरी शुभ्र झाली होती. सासूबाईंनी तांब्या भरला, भिंतीवर पाणी मारलं, आणि ओट्यावरच्या त्या मधल्या लादीवर ओला तळवा ठेवून जोरानं चोळला. मी श्वास धरून बघत राहिले. काही झालं नाही. त्या माझ्याकडे वळल्या, उपासानं गाल बसलेले, पण चेहरा किती दिवसांनी निवांत दिसत होता.

"बघ कशी घट्ट बसवलीय. पाण्याचा थेंब आत जायचा नाही."

"हो, आई," मी म्हणाले. आणि फुंकणी घेऊन चुलीपुढे बसले.